बंद म्हंजे मेलं न्हाई

निकमतात्या कुणाच्याही घरी गेले की नमस्कार नंतर करायचे. आधी त्या घरातला फ्रिज, इस्त्री, गिझर, जे काही विजेवर चालणारं आणि धातूचं असेल, त्याला हाताची पालथी बाजू हळूच टेकवायचे. "तळव्यानं धरलं आन् करंट आसला, तर मूठ आवळती. मग सुटत न्हाई. पालथा हात आपसूक मागं येतो," असं ते म्हणायचे. यजमान ओशाळून बघत उभा राहायचा आणि तात्या त्याच्याकडे न बघता पुढच्या वस्तूकडे वळायचे.

साताऱ्यात आमच्या घरी माझ्या वडिलांनी त्यांना जेवायला बोलावलं होतं. वडील निवृत्त शिक्षक, माणूस भिडस्त. तात्या हातपाय धुवायला न्हाणीघरात गेले आणि दोन मिनिटांत बाहेर आले ते लालबुंद होऊन. गिझरच्या पिनेचा तिसरा, जाड पाय, म्हणजे झटक्यापासून वाचवणारा अर्थिंगचा, आमच्याकडे कुणीतरी कधीकाळी करवतीनं कापून टाकला होता, कारण भिंतीतल्या प्लगला दोनच भोकं होती.

"आवं गुरुजी, ह्या घरात पोरगी नकोशी झालीया का?"

वडिलांना काही कळेना. आई पोळी हातात घेऊन तशीच उभी राहिली. तात्यांनी गिझरची पिन उपटली, खिशातल्या पकडीनं वायरपासून तोडली आणि ती पिन खिशात टाकूनच पाटावर बसले. ते गेल्यावर वडील मला म्हणाले, "अगं, जेवायला बोलावलं होतं की तपासणीला?" पुढे नवीन वायर ओढून होईपर्यंत आम्ही पंधरा दिवस चुलीवर पाणी तापवलं. तात्या रोज कारखान्यात मला विचारायचे, "झालं का?" नाही म्हटलं की पाठ फिरवून निघून जायचे.

हणमंत निकम मूळचे औंधच्या पलीकडच्या एका खेड्यातले. घरची शेती भावाकडे. हे लष्करात यंत्रं दुरुस्त करणाऱ्या तुकडीत पंधरा-सोळा वर्षं राहून हवालदार म्हणून परत आले आणि साताऱ्याच्या कडेला असलेल्या एका छोट्या कारखान्यात लागले. आम्ही हीटर, भट्ट्या, गिझर असल्या तापणाऱ्या वस्तू आपोआप चालू-बंद करणाऱ्या पेट्या बनवायचो. माल बाहेर पडण्यापूर्वी शेवटची तपासणी तात्यांची. नव्वदीच्या दशकातली गोष्ट आहे. मी कराडहून इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेऊन नुकतीच तिथे आले होते. कारखान्यात बाई मी एकटीच.

पहिल्याच आठवड्यात मी काढलेली जोडणी घेऊन मी त्यांच्या टेबलाशी गेले. रिले म्हणजे विजेवर चालणारं बटण. आत एक गुंडाळी असते, तिला थोडी वीज दिली की ती लोखंडाची पट्टी ओढून घेते आणि मोठ्या विजेची वाट जोडली जाते. मी तो रिले हीटरच्या परतीच्या तारेत, न्यूट्रलमध्ये घातला होता. तात्यांनी कागद बघितला, तशीच जोडणी टेबलावर केली, हीटर तापवला, मग बंद केला.

"म्याडम, हीटर बंद झाला?"

"झाला."

"मग लावा हात."

मी हात पुढे केला. त्यांनी तो मनगटाला धरून इतक्या जोरात मागे खेचला की बांगडी फुटली. मग टेस्टरचं टोक हीटरच्या टोकाला लावलं. टेस्टरमधला दिवा लख्ख पेटला. वीज आत येणारी तार तशीच जिवंत होती, फक्त परतीची वाट तुटली होती.

"बंद म्हंजे मेलं न्हाई," तात्या म्हणाले. "तुमच्या पुस्तकात बंद झालं की गोष्ट संपती. हितं तवा सुरू हुती."

त्या दिवशी मी घरी न्हाणीघरात जाऊन रडले आणि त्यांचा राग राग केला. सगळेच करायचे. ते पेट्या नापास करून परत पाठवायचे, पोरांनी चार दिवस केलेलं काम खुशाल उचकटून टाकायचे. रिलेबद्दल त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "हा तोंड उघडून मरत न्हाई. दात आवळून मरतो." खूप वीज पुन्हापुन्हा तोडजोड करून रिलेच्या आतली टोकं वितळतात आणि एकमेकांना चिकटतात. मग गुंडाळीची वीज काढून घेतली तरी ती सुटत नाहीत. म्हणजे जे यंत्र बंद करण्यासाठी बसवलं, तेच मरताना हीटर कायमचा चालू ठेवून मरतं. म्हणून तात्यांचा आग्रह असायचा की दोन्ही तारा तुटल्या पाहिजेत, आणि त्याशिवाय एक वेगळा, स्वतंत्र कटआउट पाहिजे. त्याने रिलेला विचारायचं नाही. पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे तापलं की त्याने वाट तोडायची, आणि माणसाने येऊन बोटाने दाबेपर्यंत ती जोडायची नाही.

"चालतंय कसं ते कुणीबी दाखवंल," ते म्हणायचे. "बिघडल्यावर काय करतंय ते दाखवा."

आमचे मालक अगदी उलट. शिकलेले, मृदू, कधी आवाज चढवायचे नाहीत. सगळ्यांना अहोजाहो. आज इतक्या वर्षांनीही त्यांचा तो गोड आवाज आठवला की माझं डोकं फिरतं.

सांगलीच्या एका नर्सिंगच्या मुलींच्या वसतिगृहाचं काम आलं. तिथल्या सोळा न्हाणीघरांत पाणी तापवायच्या टाक्या होत्या, स्थानिक कारागिराने ठोकून बनवलेल्या. त्यांना स्वतःचं तापमान ओळखणारं काही नव्हतं. मेट्रन बाई पहाटे बटण दाबायच्या आणि आठवण आली की बंद करायच्या. आता त्या प्रत्येक टाकीला आमची पेटी बसायची होती. पहाटे आपोआप चालू, पाणी तापलं की बंद, आणि बंद झाल्याचं सांगायला दिवा विझणार.

तात्यांनी आराखडा केला. दोन्ही तारा तोडणारा भक्कम काँटॅक्टर, म्हणजे रिलेचा थोरला भाऊ, आणि टाकीच्या अंगाला वेगळा कटआउट. मालकांनी तो बघून मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी मुंबईहून प्लॅस्टिकच्या देखण्या, चपट्या डब्या आणल्या. वर कारखान्याचं नाव सोनेरी अक्षरात. तात्यांचा काँटॅक्टर त्या डबीत मावेना.

"मग डबी बदला," तात्या म्हणाले.

"तात्या, डब्या छापून आल्यात. आपण आत काहीतरी लहान बसवू."

आणि तसंच झालं. डबीत मावेल असा एक छोटा रिले, एकच तार तोडणारा. कटआउट गाळला. तात्यांनी सोळाच्या सोळा पेट्या नापास केल्या, प्रत्येकीवर लाल खडूने फुली मारली आणि औंधच्या यमाईच्या यात्रेला दोन दिवस गावी गेले.

त्या दोन दिवसांत मालकांनी मला बोलावलं. चहा मागवला. म्हणाले, "वंदनाताई, तुम्ही शिकलेल्या आहात. तात्या जुन्या काळचे. तुम्हीच हिशेब करून सांगा, हा रिले पुरतो की नाही?" मी हिशेब केला. टाकीला तेरा अँपिअर लागत होते. रिलेवर पंधरा छापलेलं होतं. तेरा पंधरात बसत होते. त्यांनी कागद पुढे सरकवला आणि मी सही केली.

मला कुणी धमकी दिली नव्हती. कुणी हात पिरगाळला नव्हता. मला कौतुक आवडलं, इतकंच. हे लिहिताना मालकांवर जेवढा राग येतो त्याहून जास्त त्या चहा पिणाऱ्या मुलीवर येतो.

तात्या परत आले तेव्हा फळी रिकामी होती.

"कुठं गेल्या?"

"सांगलीला."

"कुणी सोडल्या?"

"मी."

ते ओरडतील म्हणून मी अंग चोरून उभी होते. ते ओरडले नाहीत. माझ्या हिशेबाचा कागद मागून घेतला, चष्मा लावून वाचला आणि म्हणाले, "त्यो पंधराचा आकडा थंड हवेतला. मोकळ्यावर ठेवल्याला, कोऱ्या रिलेचा. तू त्येला वाफंच्या मोरीत, बंद डबीत घातलास. तेरा पंधरात बसतंय म्हणून." आणि कागद घडी करून मला परत दिला. पहिल्यांदाच त्यांनी मला म्याडम म्हटलं नव्हतं.

मग ते मालकांच्या खोलीत गेले. तिथला आवाज मात्र सगळ्या कारखान्याने ऐकला.

"तात्या, शांत व्हा. तक्रार आली की बघू."

"तक्रार जित्ता माणूस करतो, सायेब!"

मालकांच्या चेहऱ्यावरचं हसू हललं नाही, असं चहा घेऊन गेलेल्या माणसाने सांगितलं.

एक पेटी जादा बनवलेली उरली होती. तात्यांनी ती एका कपाटात कोंडली, तिला पाण्याच्या पिंपातला तेवढ्याच ताकदीचा हीटर जोडला आणि एक साधं यंत्र लावून चालू-बंद, चालू-बंद करत ठेवलं. वहीत रेघा मारायचे. मी जेवणाच्या सुट्टीत जाऊन शेजारी बसायचे. ते माझ्याशी बोलायचे नाहीत, पण उठूनही जायचे नाहीत. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी पेटीवरचा दिवा विझला. हीटर बंद झाला असं पेटी सांगत होती. पिंपातलं पाणी मात्र तापत तापत खदखदायला लागलं. तात्यांनी मालकांना हाताला धरून आणलं.

"दिवा बघा. आता पानी बघा."

मालकांनी दोन्ही बघितलं. "हे तुम्ही मुद्दाम घडवून आणलंत, तात्या. वापरात असं होत नाही."

वापरात ते आधीच झालं होतं. त्याच संध्याकाळी सांगलीहून फोन आला. सकाळी एका मुलीने बादली भरायला नळ सोडला आणि उकळतं पाणी वाफेसकट उसळून तिच्या हातावर, गळ्यावर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी मालकांनी मला वसतिगृहाला पत्र लिहायला बसवलं. ते सांगत होते, मी लिहीत होते. "आमच्या उपकरणात कोणताही दोष आढळलेला नाही. सदर अपघात वापरणाऱ्या विद्यार्थिनीच्या निष्काळजीपणामुळे..." इथे माझं पेन थांबलं. मालक म्हणाले, "लिहा ना." मी उठले. बाहेर तात्या हत्यारांची पिशवी खांद्याला लावून फाटकाकडे निघालेच होते. मी त्यांच्यामागून स्टँडवर गेले. एसटीत ते खिडकीशी बसले, मी शेजारी. कराड गेलं, इस्लामपूर गेलं, ते बाहेरच्या उसाकडे बघत होते. सांगली जवळ आल्यावर एकदाच बोलले. "टेस्टर आणलास का?"

आणला होता.

वसतिगृहाच्या फाटकावर मेट्रन बाईंनी अडवलं. पुरुषांना आत प्रवेश नाही. तात्यांनी खूप आरडाओरडा केला. "बाई, सोळा ठिकाणी मरण टांगलंय तुमच्यात, आन् तुमी माझी मिशी बघताय व्हय?" बाई बधल्या नाहीत. शेवटी ते माझ्याकडे वळले.

"तू जा. आधी टाक्यांचा मेन स्विच पाड. फ्यूज काढ आन् तुझ्या पिशवीत टाक, तिथं ठिवायचा न्हाई. कुणीतरी शहाणा येऊन बसवतो. टेस्टर आधी चालू दिव्याच्या बटनात लावून बघ, त्योच मेला आसंल तर खोटं बोलंल. मग टाकीला लाव. मगच हात. आन् पालथा!"

मी एकेक पेटी काढत गेले. मुली दारात उभ्या राहून बघत होत्या. काढलेली प्रत्येक पेटी मी मीटर लावून तपासली. सोळांपैकी आणखी दोन पेट्यांतल्या रिलेची टोकं चिकटलेली होती. त्या दोन न्हाणीघरांत त्या सकाळी मुली आंघोळ करून गेल्या होत्या. मेट्रन बाईंनीच आठवण ठेवून मेन बंद केला होता, म्हणून त्या वाचल्या.

भाजलेली मुलगी खालच्या खोलीत होती. जतकडची, अठरा-एकोणीस वर्षांची. हाताला आणि गळ्याला मलमपट्टी. मी कारखान्यातून आले म्हटल्यावर ती उठून बसायला लागली.

"मॅडम, लाइट बंद होती हो. मी बघूनच नळ सोडला. सगळे म्हणतायत मी बघितलं नसेल. माझंच चुकलं असेल."

"तुझं काही चुकलं नाही," मी म्हणाले. "ती पेटी मी पास केली होती."

तिला त्याचा अर्थ नीट कळला नसावा. ती मला म्हणाली, "चहा घेणार का?"

काढलेल्या पेट्या पोत्यात भरून मी बाहेर आले आणि तात्यांना हे सांगितलं. ते फाटकाशेजारच्या दगडावर बसले होते. त्यांनी पेट्यांचं पोतं पायाने लांब ढकललं.

"पोरीनं बघितलं व्हतं," ते म्हणाले. "तिनं तिचं काम केलं व्हतं. आपल्या दिव्यानं तिला खोटं सांगितलं."

मग त्यांनी मालकांना, डबीला, सोनेरी अक्षरांना आणि मला अशा शिव्या घातल्या की रस्त्यावरची माणसं थांबली. मी त्यातली एकही खाली पडू दिली नाही. त्या माझ्याच होत्या.

साताऱ्यात परतलो तेव्हा तात्यांना कामावरून काढल्याचं पत्र तयार होतं. परवानगीशिवाय ग्राहकाकडचा माल काढून आणला म्हणून. माझं राजीनाम्याचं पत्र मीच लिहून दिलं. पुढे कसलीही चौकशी झाली नाही. संस्थेचे एक विश्वस्त मालकांच्या नात्यातले निघाले, आणि मुलीच्या गळ्यावरचा डाग पदराखाली झाकला जातो असं कुणीतरी म्हणालं म्हणे. त्याच वर्षी मालकांचा गावात सत्कार झाला. नवे उद्योजक म्हणून.

तात्यांनी गावी गोठ्याच्या शेजारी पत्र्याची शेड टाकली. तिथे आम्ही दोघांनी रविवारी रविवारी बसून सोळा नव्या पेट्या केल्या. लोखंडी, करड्या रंगाच्या, अत्यंत कुरूप. आत दोन्ही तारा तोडणारा काँटॅक्टर, पेटीला अर्थिंगची जाड तार, टाकीला स्वतंत्र कटआउट. बाहेरचा दिवा तात्यांनी रिलेच्या गुंडाळीवरून काढून टाकीच्या तारांवर जोडला, म्हणजे टाकीत खरोखर वीज असेल तर तो पेटेल, पेटीची इच्छा काहीही असो. प्रत्येक पेटीचा काँटॅक्टर आम्ही मुद्दाम खिळा घालून चिकटवून ठेवायचो आणि पाणी तापवायचो. ठरलेल्या ठिकाणी कटआउट टक्कन तुटला की तात्या म्हणायचे, "हां. आता हा मेला तरी पोरगी जगंल." कधी मी सोल्डरिंग कच्चं केलं की पेटी माझ्या अंगावर यायची. एकदा तर त्यांनी ती खरोखरच भिरकावली.

बसवायला सांगलीला गेलो तेव्हाही मेट्रन बाईंनी तात्यांना आत सोडलं नाही. पण फाटकाशी खुर्ची आणि तांब्या ठेवला. त्या पेट्या मी नंतर कितीतरी वर्षं अधूनमधून जाऊन तपासत राहिले. एकीनेही दगा दिला नाही.

तात्या गेले ते चार वर्षांनी, हृदयाच्या झटक्याने. गावच्या शाळेत शोकसभा झाली. मी पुण्याहून आले होते. पहिल्या रांगेत आमचे मालक बसलेले. ते उठले आणि त्याच गोड आवाजात म्हणाले, "निकमतात्या आमच्या कुटुंबातले. शांत, समजूतदार माणूस. सुरक्षितता हा आमच्या कारखान्याचा पाया आहे, तो त्यांनीच घातला."

मी हात वर न करता उभी राहिले आणि मला बोलवायच्या आधीच बोलायला लागले. डबी सांगितली, लाल फुल्या सांगितल्या, पत्रातला निष्काळजीपणा सांगितला. त्या मुलीने दिवा बघितला होता, हे सांगितलं. माझी सहीसुद्धा सांगितली. वाक्यं तुटत होती. सरपंच मध्येच "ताई, ही वेळ न्हवं" म्हणाले, तरी मी थांबले नाही. माझं बोलून होण्यापूर्वीच मालक गाडीत बसून गेले. बाकी माणसं जमिनीकडे बघत होती.

नंतर मी तात्यांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नी, काकू, आत बायकांत बसल्या होत्या. मी त्यांच्या पायाशी बसले आणि सभा बिघडवल्याबद्दल माफी मागितली.

काकूंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "आगं, मी जलमभर म्हणायची त्यास्नी, कशाला एवढं रगात आटवता? दुसरी मानसं न्हाईत का?" मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "न्हवतीच की गं. एकट्याला यायचा, म्हणून लय यायचा राग. चार जनांनी वाटून घेतला आसता, तर मानूस आजून बसला आसता हितं."